झाडावरचे मांजर आणि शरणागती

॥ श्री गणेशाय नमः ॥



भक्ती समजावून सांगताना आपल्या आचार्यांनी दोन पिलांचे दृष्टांत दिले आहेत. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. हा मर्कटकिशोर न्याय. मांजराचे पिलू काहीच धरत नाही. आई मानेला धरून नेईल तिकडे ते अंग सैल सोडून जाते. हा मार्जारकिशोर न्याय. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत वडकलै पंथ पहिला दृष्टांत मानतो, तेन्कलै पंथ दुसरा.

पण तेच पिलू मोठे होऊन झाडावर अडकले तर? आम्ही राहतो त्या वॉशिंग्टन राज्यात डग्लस फरची झाडे २०० फुटांच्याही वर जातात. कुत्रा मागे लागला की मांजर सरसर वर चढते. त्याची नखे आकड्यासारखी वळलेली असल्याने चढताना सालीत रुततात. डोके खाली करून उतरू लागले की तीच नखे धरत नाहीत. पाठमोरे उतरावे लागते, आणि पुष्कळ मांजरांना ते सुचत नाही. ‘भूक लागली की येईल खाली’ म्हणून दिवसेंदिवस वाट पाहणे धोक्याचे. पाण्यावाचून ते थकते, आणि काही दिवस उपास घडला तर यकृत बिघडते.

शेजाऱ्यांचे मांजर असे अडकले तेव्हा झाडांवर चढण्याचे शिक्षण घेतलेला माणूस बोलावला होता. जवळ विजेच्या तारा नाहीत ना, हे त्याने आधी पाहिले. कुत्र्यांना घरात न्यायला सांगितले. झाड हलवू नका, पाणी मारू नका, खालून ओरडू नका, असे बजावले. मग वजन बांधलेली बारीक दोरी उंच फांदीवरून टाकली, तिच्या मदतीने जाड दोर ओढून घेतला आणि कमरेला पट्टे बांधून तो वर गेला. त्याला पाहताच मांजर आणखी वर चढले! तो तिथेच थांबला. हळू आवाजात बोलत राहिला, हाताचा वास घेऊ दिला. बऱ्याच वेळाने मांजराने त्याच्या हाताला डोके घासले, तेव्हा त्याने ते अलगद कापडी पिशवीत घातले, पिशवीचे तोंड बांधले आणि दोरावरून खाली आणले.

मला त्या वेळी श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवला. मगरीशी तो स्वतःच्या बळावर झुंजत राहिला. बळ सरले तेव्हा सोंडेत कमळ धरून त्याने नारायणाला हाक मारली. ज्या बळाने आपण वर चढतो, त्याच बळाने खाली उतरता येतेच असे नाही.

आपणही शिक्षणाच्या आणि कष्टाच्या जोरावर या देशात उंच आलो. पण एच-वन-बी व्हिसावरच्या एखाद्याची नोकरी जाते आणि दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस हाती उरतात. तो आईला फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणतो आणि मंदिरात येणे बंद करतो. आपण विचारपूस केली की आणखी वरच्या फांदीवर जातो. त्याला मला सांगावेसे वाटते, बाबा रे, शरणागती म्हणजे हार नव्हे. पुढे आलेला हात ओळखणे म्हणजे शरणागती. देव बहुधा माणसाच्याच हाताने धरतो.

आणि आपण हात देणाऱ्यांनी झाड हलवू नये. ‘आता पुढे काय?’ हा प्रश्नसुद्धा खालून मारलेला दगडच असतो. जेवणाचा डबा न्यावा, जवळ बसावे, आपल्या कंपनीत शब्द टाकावा, आणि तो स्वतः बोलेपर्यंत थांबावे.

यंदा महाप्रसादाच्या पंगतीत नेहमीचे कोण दिसत नाही, एवढे प्रत्येकाने पाहावे. त्याच्या घरी प्रसाद घेऊन जाणे ही विघ्नहर्त्याचीच सेवा आहे.

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥