औषध

आमच्या धाराशिव जिल्ह्यात शेतातल्या विषाला विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. सोयाबीनवर अळी पडली की औषध मारायचं. लेकराला ताप आला तरी औषधच. आणि कुणी ‘औषध घेतलं’ असं गावात दबक्या आवाजात सांगू लागलं, की कोणतं ते विचारावं लागत नाही. शहरातल्या पाहुण्याला हा भाषेचा ढिसाळपणा वाटतो. मला मात्र यात विषशास्त्राचा पहिला धडाच दिसतो. नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधाचंच विष होतं, हे चरकसंहितेनं सांगून ठेवलं आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस मात्रेबद्दल असंच काही म्हणाला. शरीरात नेमकं काय घडतं हे मात्र रेणूपर्यंत उतरल्यावरच कळलं.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीतली नावं सेंद्रिय फॉस्फरसच्या घराण्यातली. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रेणूकरवी. हुकूम पोचला की तो रेणू लगेच मोडायला हवा. ते काम करणाऱ्या एन्झाइमचा एकच रेणू सेकंदाला असे हजारो रेणू मोडतो. त्याच्या खोल घळीत सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. विषातला फॉस्फरस नेमका त्याच्यावर जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मग हुकूम थांबतच नाहीत. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, छाती पाण्यानं भरते. अळी याच वाटेनं मरते. अळी आणि माणूस यांच्यातलं हे नातं आपल्याला फारसं आवडत नाही, पण आहे.

त्यात शरीराची एक गंमत आहे, क्रूर म्हणावी अशी. बाटलीतलं क्लोरपायरीफॉस स्वतः तितकं जहाल नसतं. यकृत ते निस्तरायला जातं, त्यातला गंधक काढून ऑक्सिजन बसवतं आणि खरं विष तिथं तयार होतं. उलट रक्तातलं पॅराऑक्सोनेज नावाचं दुसरं एन्झाइम त्या विषाला मोडतं. पण ते सगळ्यांचं सारखं नसतं. त्याच्या साखळीत 192 व्या जागी कुणाला ग्लुटामाइन असतं, कुणाला आर्जिनीन. एकाच रानात, एकाच पंपानं फवारणाऱ्या दोघांपैकी एकाला गरगरतं आणि दुसरा बांधावर बसून भाकरी खातो. ‘एकेकाच्या अंगाला बाधतं,’ असं आमच्याकडे म्हणतात. त्या बाधण्याचं एक कारण या एका जागेत असू शकतं.

उताराही विषाच्याच कुळातला. दवाखान्यात पहिलं इंजेक्शन देतात ते अॅट्रोपिनचं, आणि हेच द्रव्य बांधावरच्या धोतऱ्यात असतं. महाशिवरात्रीला आपण ज्याची फुलं-फळं महादेवाला वाहतो तोच धोतरा. अॅट्रोपिन त्या अखंड हुकमांना अडवतं, अडकलेलं एन्झाइम मात्र सोडवत नाही. सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम लागतं, आणि तेही वेळेत. उशीर झाला की फॉस्फरसची पकड जुनी होते, मग ती सुटत नाही. या घराण्याची कुंडलीही सांगायला हवी. 1936 मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते. हाती लागला टॅबून, पुढं युद्धासाठी साठवला गेलेला विषारी वायू.

प्रयोगशाळेतल्या उंदराला एकच विष मिळतं, तेही मोजून. आमचा गडी एका पंपात दोन-तीन औषधं कालवतो आणि भिजल्या सदऱ्यानं भर उन्हात सऱ्या तुडवतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा ती कालवाकालवही चर्चेत आली. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या मुलांना मी म्हणतो, रेणू जरूर शिका, पण नमुना या माणसाचा घ्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1974 पासून ही विषं हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त आधी आणि मग ठरावीक काळानं तपासतात. अॅसिटिलकोलीन मोडणारं ते एन्झाइम तांबड्या पेशींतही असतं; ते मूळच्या 70 टक्क्यांवर उतरलं की त्या मजुराला त्या कामावरून हलवतात. यात महागडं असं काही नाही.

विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवलाच आहे, आणि रानं तिथून फार लांब नाहीत. मृगाआधी पहिला नमुना घ्या. फवारणीच्या दिवसांत गडी सापडला नाही तरी हरकत नाही. तांबडी पेशी बिघडलेलं एन्झाइम नव्यानं करू शकत नाही, नव्या पेशी येतील तसं ते रोज साधारण एक टक्क्यानं भरून येतं. पेशीचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं, सोयाबीनचं शंभर-एक. रास झाल्यावर गेलात तरी हंगाम त्याच्या रक्तात सापडेल.