परक्या देशात आपल्याला कोण पाहते?

मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघाली की घरात फी, बँकेचे कर्ज, व्हिसा, थंडीचे कपडे यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. एका अडचणीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. घरी असताना आई-वडील, शेजारी, शिक्षक यांची नजर आपल्यावर असते. तिथे आपल्याला कोणीच ओळखत नाही. मग आजवर पाळलेले नियम आपले होते, की त्या नजरेचे?

१८८८ मध्ये मोहनदास गांधी लंडनला शिकायला गेले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. तिथे गेल्यावर उपासमार सुरू झाली. घरमालकीण देई त्या पावाच्या कापांनी पोट भरत नसे. अशिक्षित आईला दिलेल्या वचनाला किंमत ती काय, असे एक मित्र आग्रहाने समजावत असे. लक्षात घ्यावे, त्या काळी मांसाहार चांगला, असेच स्वतः गांधींचेही मत होते! तरीही ते उपाशी राहिले, कारण शब्द दिला होता. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तिथेच सॉल्ट यांचे पुस्तक मिळाले, आणि आईसाठी पाळलेला नियम विचारपूर्वक त्यांचा स्वतःचा झाला.

पण सगळे असे सरळ झाले नाही. त्या काळी विलायतेतले अनेक हिंदी विद्यार्थी आपला विवाह झाल्याचे लपवत. गांधींनीही लपवला, घरी पत्नी आणि मुलगा असताना. ब्रायटन येथे ओळख झालेल्या एका वृद्ध बाई त्यांना दर रविवारी जेवायला बोलावत आणि तरुण मुलींशी ओळख करून देत. अखेर त्यांनी त्या बाईंना पत्र लिहून सर्व सांगितले. बाई रागावल्या नाहीत. आम्ही खूप हसलो, रविवारचे निमंत्रण कायम आहे, असे त्यांचे उत्तर आले.

मद्य-मांसाच्या मोहापेक्षा मला हा प्रसंग आजच्या विद्यार्थ्याच्या अधिक जवळचा वाटतो. ब्रिटनमध्ये पदवीचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. खोलीचे भाडे थकते, कोणीतरी रोखीने जादा काम देऊ करतो, आणि इथे कोण पाहते आहे, असे मन म्हणते. नियम मोडल्यास व्हिसा जाऊ शकतो, हे त्याला माहीत असते. पण ते भय झाले. भयाने पाळलेला नियम पकडले जाण्याची शक्यता संपली की सुटतो.

घरी फोन लावला की मुलगा म्हणतो, "सगळं ठीक आहे." विषय राहिलेला असतो, रात्र रात्र झोप नसते. आईला काळजी नको म्हणून बोललेले हे असत्य प्रेमातूनच येते, म्हणून ते दोषास्पद वाटत नाही. परंतु एकदा ते बोलले की पुढच्या फोनला ते सांभाळावे लागते, आणि ज्या एका घरी मन मोकळे करता आले असते, तेही परके होते. याला केवळ मुलाला जबाबदार धरणे मला मान्य नाही. घर गहाण ठेवून त्याला पाठवल्याची आठवण आपण किती वेळा करून देतो? अपयश सांगितल्यावर त्या वृद्ध बाईंसारखे उत्तर आपल्याकडून येईल, असा विश्वास त्याला कधी दिला आहे का? पुढच्या फोनवर निकालाआधी, तो आज काय जेवला, हे विचारून पाहावे.