नगरपालिकेचा वकील कोणाचा?

मराठवाड्यातील जालन्यासारख्या शहरात एखादा जुना वकील निवर्तला, की शोकसभेतील भाषणांत आणि निधनवार्तेत त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : त्यांनी वर्षानुवर्षे नगरपालिकेचे काम पाहिले आणि ते कुटुंबवत्सल होते. ही विधाने आदरापोटीच केलेली असतात. तरीही ती खटकतात, कारण पहिल्यातून केवळ कालावधी कळतो, दुसऱ्यातून केवळ स्वभाव, आणि त्या माणसाच्या हयातभराच्या कामाने शहराचे काय झाले हा प्रश्न दोहोंच्या मधल्या मध्ये हरवतो. दीर्घ सेवेविषयी तर शंकाच यावी. कारण सभागृहात गट बदलले, अध्यक्ष बदलले, तरी ज्याचे वकीलपत्र कायम राहिले, तो प्रत्येकाला सोयीचा होता असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

वकील आणि नगरसंस्था यांचे नाते वाचकाला नवे नाही. बॅरिस्टर फिरोजशहा मेहता मुंबईच्या महापालिकेत आणि वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या नगरपालिकेत काय करून गेले हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते दोघे सभागृहात बसलेले पुढारी होते. सभागृहाबाहेर राहून, ठरावीक फीवर, दाव्यामागून दाव्यात संस्थेची कैफियत दाखल करणारा वकील इतिहासाच्या पुस्तकात येत नाही.

जालन्यात 1960 च्या दशकात ज्याने हे काम हाती घेतले असेल, त्याच्यापुढे काय काय आले असेल याचा अंदाज करता येतो. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे मोंढ्यालगतच्या किंवा कुंडलिकेच्या काठच्या जागेचा वाद निघाला, की एका बाजूने 'मुंतखब', म्हणजे इनामाचा हक्क मान्य करणारा उर्दू दस्त, आणि दुसऱ्या बाजूने नंतरचा मराठी उतारा पुढे येई. 1965 च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने कारभाराला नवी चौकट दिली. उच्च न्यायालयातील कामासाठी मात्र 1981 मध्ये औरंगाबादला खंडपीठ येईपर्यंत मुंबई गाठावी लागे. त्याच वर्षीच्या 1 मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि उच्च न्यायालय साठेक किलोमीटरांवर आले.

या वकिलाच्या कामाचे मोल ठरवायचे तर एक भेद आधी करावा लागतो. नगरपालिका ही कायद्याने 'निगम निकाय' असते, म्हणजे तिच्यातील माणसे बदलली तरी न संपणारी, स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणारी व दावा लावणारी व्यक्ती. परंतु वकिलाला सूचना देतात ती माणसे, आजचे बहुमत, आजचे मुख्याधिकारी किंवा आजचे प्रशासक, नाशवंत असतात. मग त्याचा पक्षकार कोण, आजचे सभागृह की उद्याही असणारे शहर?

इंग्लंडमध्ये 1820 साली राणी कॅरोलाइनच्या बाजूने उभ्या राहिलेल्या हेन्री ब्रूम यांनी याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले होते : वकिलाला आपल्या पक्षकाराखेरीज जगात दुसरे कोणी दिसता कामा नये, मग त्यापायी राज्यावर संकट ओढवले तरी चालेल. वकिलीच्या धंद्याने हे तत्त्व फार मिरवले आहे. राजाच्या कोपाला तोंड देणाऱ्या एकट्या स्त्रीसाठी ते शोभते, यात वाद नाही; परंतु पक्षकार स्वतःच सत्ता असेल आणि समोर टपरी हटवल्याची तक्रार घेऊन आलेला माणूस असेल, तेव्हा तेच तत्त्व दांडगाईचे समर्थन होते. ब्रूम यांना हाडामांसाचा पक्षकार होता व तिला काय हवे ते ती सांगू शकत होती. नगरपालिकेला काय हवे ते कोणीतरी तिच्या वतीने ठरवतो, आणि पुष्कळदा तो स्वतःलाच काय हवे ते सांगत असतो.

यावरून, नगरपालिकेच्या वकिलाने शहराचे हित स्वतः ठरवावे आणि चुकीच्या ठरावाची बाजू मांडण्यास सरळ नकार द्यावा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. रतलामचे प्रकरण त्याच्या आड येते. उघड्या गटारांनी त्रासलेल्या रहिवाशांच्या तक्रारीवर दंडाधिकाऱ्यांनी गटारे बांधण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथील नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि पैसा नाही ही तिची सबब 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी फेटाळून लावली. नगरपालिका हरली व शहराच्या पदरात काही पडले. पण तिच्या वकिलाने ती सबब मांडायलाच नको होती काय? ती मांडली गेली, तिच्यावर निर्णय झाला, म्हणूनच देशातल्या प्रत्येक नगरपालिकेची ती वाट बंद झाली. शिवाय ज्याला एकाही मतदाराने निवडून दिलेले नाही, अशा वकिलाने शहराचे हित परस्पर ठरवणे हीही सत्ताच आहे, आणि तिला कोणतीही निवडणूक नाही. तेव्हा कोर्टात त्याने संस्थेची बाजू नेटाने मांडावी, हे ब्रूम यांचे म्हणणे एवढ्यापुरते मान्य करावे लागते.

शहराचे वकीलपत्र त्याच्याकडे असते ते कोर्टाबाहेर, नस्तीवर अभिप्राय लिहिताना. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम 127 घ्यावे. विकास आराखड्यात बाग, शाळा किंवा मैदान यांसाठी आरक्षित ठेवलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ती मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत, जी 2015 च्या दुरुस्तीनंतर 24 महिन्यांची आहे, संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही नोटीस आवक विभागात येते, तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो, ती नगररचना विभागाकडे जाते आणि तेथे इतर कागदांखाली दबते. नुसता प्रस्ताव पुढे धाडला म्हणजे पाऊल उचलले असे होत नाही, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलेले आहे. अशा वेळी शिक्क्याची तारीख वहीत टिपून ठेवणारा, नोटिशीला जोडलेले मालकीचे कागद तपासणारा आणि इतके महिने उरले असे लेखी कळवणारा वकील एका मोहल्ल्याचे मैदान वाचवतो. त्याने ते केले नाही तर कोणताही दावा हरल्याची नोंद होत नाही. मैदान मात्र जाते.

येथे थोडे विषयांतर करून त्याच्या घराकडे पाहायला हवे. सामान्य वकिलाच्या बैठकीत पक्षकार येतात. नगरपालिकेच्या वकिलाकडे मात्र येतात ते ज्यांना नोटीस गेली आहे असे शेजारी, मुलाच्या शिक्षकांचे नातलग, मुलीच्या सासरचे ओळखीचे, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच, एवढी तारीख पुढे ढकला. नाही म्हटले तर लग्नकार्यात अबोला घरच्यांच्या वाट्याला येतो. जालन्याने 2012-13 च्या दुष्काळात पाण्याचे जे हाल सोसले, त्या काळात नगरपालिकेच्या माणसाच्या घरचा टँकर आधी यावा असे कोणालाही वाटू शकते. तो आपल्या पाळीनेच येऊ देणारे घर असेल, तरच त्या माणसाचा अभिप्राय मोकळा राहतो. तेव्हा कुटुंबवत्सलता हा त्याच्या कामाबाहेरचा गुण नव्हे. ज्या घराने संस्थेकडे काही मागितले नाही, त्या घराचेही नाव त्या अभिप्रायांखाली असायला हवे.

आणि मग ज्या दीर्घ सेवेविषयी प्रारंभी शंका घेतली, तिच्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. नगरसेवकांची मुदत पाच वर्षांची असते, मुख्याधिकाऱ्यांची बदली त्याच्याही आधी होते. न संपणाऱ्या संस्थेला स्वतःची आठवण नसते. घाणेवाडीच्या जलवाहिनीवर कोठे कोणाचा हक्काचा वाद आहे, कोणत्या दाव्यात पूर्वी काय कबूल केले गेले, हे ज्याला आठवते तो बहुधा जुना वकीलच असतो. तो सोयीचा होता की उपयोगाचा, हे मात्र वर्षे मोजून कळत नाही. त्याचे गैरसोयीचे अभिप्राय किती होते, हे पाहावे लागते. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली तेव्हा पालिकेबरोबर तिचे प्रलंबित दावेही नव्या संस्थेकडे आले. पण वकिलांचे अभिप्राय नस्तीनस्तींत विखुरलेले असतात, आणि ते विषयवार व तारीखवार एकत्र लावून कोणाही नागरिकाला पाहता येतील असे ठेवणे, हे नव्या महानगरपालिकेच्या विधी विभागाने पहिल्या कामांत धरायला हवे.