तुटलेला मेळ पुन्हा जमतो काय?

वाचकहो, आमच्या लेखाचा विषय पाहून काहींना हसू येईल. साठी ओलांडलेल्या बाईने विलायती रॉक संगीतावर लिहावयाचे म्हणजे काय! परंतु हा प्रश्न आमच्या दाराशी एका रोग्याने आणून ठेवला आणि तेव्हापासून तो जागचा हललेला नाही, म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

२००५ सालची गोष्ट. आम्ही त्या वेळी हृदयरोग्यांच्या वॉर्डात नोकरीस होतो. अॅटॅक येऊन तीन दिवस झालेला एक मास्तर तेथे होता. शाळेत तो पदार्थविज्ञान शिकवी. रात्रीच्या फेरीला पाहावे तर गृहस्थ कानांत बोंडे खुपसून जागाच. आम्ही दटावले, तेव्हा त्याने एक बोंड काढून आमच्या हाती दिले व "सिस्टर, ऐका तर" म्हणाला. ऐकले. ऑर्गन एकीकडे चाललेला, सॅक्सोफोन ओरडतो आहे, ढोलवाला कोणाचेच ऐकत नाही, आणि एक माणूस मध्येच कुजबुजतो, मध्येच किंचाळतो. खरे सांगावयाचे तर भाऊबंदकीचा तंटा चालला आहे असे वाटले. आम्ही ते बोंड परत केले. तो हसून म्हणाला, "हा गाणारा माणूसही तुमच्याच गिऱ्हाइकांपैकी आहे. त्यालाही अॅटॅक आला होता."

नर्सला एवढे पुरे असते. रोगी म्हटला की त्याची केस विचारावीशी वाटतेच. मग पुढच्या चार रात्रींत त्या मास्तराने आम्हांस सारी हकिकत थोडी थोडी करून सांगितली, आणि उरलेली आम्ही पुढे नातवंडांच्या मदतीने मिळवली.

ही मंडळी इंग्लंडची. १९६७ साली मँचेस्टरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी हा वाद्यवृंद उभा केला व त्याचे नाव ठेवले 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर'. ते नाव एका विजेच्या यंत्राचे. धातूच्या मोठ्या गोळ्यावर स्थिर वीज साठते आणि हात ठेवला की डोक्यावरचे केस उभे राहतात, ते यंत्र. नाव लिहितानाही चुकले, आणि चुकलेलेच कायम राहिले. पीटर हॅमिल हा गाणारा व गीते रचणारा, ह्यू बँटन ऑर्गनवर, गाय इव्हान्स ढोलावर, आणि डेव्हिड जॅक्सन सॅक्सोफोनवर. हा जॅक्सन दोन-दोन सॅक्सोफोन एकदम तोंडाला लावून वाजवी. यांच्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. तीन मिनिटांचे प्रेमगीत नव्हे. १९७१ सालच्या 'पॉन हार्ट्स' या तबकडीची एक पुरी बाजू एकाच रचनेने भरलेली आहे, सुमारे तेवीस मिनिटे! विषय काय, तर दीपस्तंभावरचा एकटा राखणदार. (थळच्या किनाऱ्यावरून लहानपणी खांदेरीचा दिवा पाहिलेल्यांना तो एकटेपणा थोडासा समजेल.) ही तबकडी इटलीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. मायदेशात मात्र तसे कौतुक वाट्याला आले नाही.

१९७२ साली थकून मोडले, १९७५ साली पुन्हा जमले, आणि १९७८ साली कायमचे बंद पडले. चौघांनी मिळून केलेली शेवटची तबकडी १९७६ सालची. पुढे जो तो आपल्या वाटेने गेला. हॅमिल एकट्याने गात राहिला. बँटन ऑर्गन बांधू लागला. जॅक्सन शिक्षक झाला आणि अपंग मुलांसाठी झटला. हवेत हात हलवला की सूर निघतो असे एक उपकरण आहे, त्यावर तो या मुलांकडून संगीत करवून घेतो. आम्हांस विचाराल तर त्याचे सारे सॅक्सोफोन एकीकडे आणि हे काम एकीकडे. त्यांच्यात वैर नव्हते, एकमेकांच्या कामात अधूनमधून वाजवीत. तरीही 'आपण चौघे' असे म्हणावयाचे ते बंद झाले होते.

२००३ साली पुन्हा बोलणी सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात हॅमिलला हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे पंचावन्न. तो वाचला. २००४ साली चौघे डेव्हन परगण्यात एकत्र बसले आणि २००५ च्या एप्रिलात त्यांचा नवा संग्रह निघाला, 'प्रेझेंट' नावाचा, दोन तबकड्यांचा. मे महिन्यात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ते चौघे पुन्हा उभे राहिले. मध्ये एकोणतीस वर्षे गेली होती.

आता प्रश्न असा, की मरणाच्या भयाने जे जुळते ते खरे जुळणे आहे काय?

या बाबतीत आम्ही पुष्कळ पाहिले आहे. छातीत कळ आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जी वचने देतो त्यांची वही आम्ही ठेवली असती तर कपाट भरले असते. भावाशी बोलेन, मुलीला घरी बोलावीन, सिगारेट सोडीन, बायकोचे ऐकेन. डोळ्यांत पाणी असते व ते खोटे नसते. पण घरी जाण्याचा कागद हातात पडला की नाडी स्थिर होते आणि भाऊही पुन्हा पूर्वीसारखाच दुष्ट दिसू लागतो. कितीतरी भावांना आम्ही खाटेशी गळ्यात गळा घालताना पाहिले, आणि पुढे तपासणीला आलेल्या त्याच रोग्याला "भाऊ कसा आहे?" विचारले तर तो विषय बदलतो! म्हणून अशा भयावर आमचा फारसा भरवसा नव्हता.

परंतु आमच्या शास्त्रात रब्बी एलिएझर यांची शिकवण आहे, की मरणाच्या आदल्या दिवशी पश्चात्ताप कर. आणि तो दिवस कोणता हे कोणाला कळत नाही, म्हणून आजच कर. म्हणजे आपल्या जाणत्यांनी मरणाचे भय त्याज्य मानले नाही, उलट त्याला कामाला जुंपले. प्रश्न भयाचा नसून त्याच्या पाठीमागून काय केले याचा आहे, असे आम्हांस आता वाटते. या इंग्रज मंडळींचे आम्हांस विशेष वाटले ते एवढ्याचसाठी. जुनी गाणी पुन्हा वाजवून टाळ्या व पैसे दोन्ही मिळाले असते. लोक जुनेच मागतात, नव्या रचना सुरू झाल्या की पाणी प्यायला उठतात. तरी ते आधी नवे करावयास बसले. दुसऱ्या तबकडीवर तर काहीही न ठरवता, त्या क्षणी सुचेल तसे वाजवलेले आहे. त्याला धाडस लागते. ठरलेली चीज वाजवताना शेजारच्याकडे न पाहता चालते. न ठरलेली वाजवताना त्याचा श्वाससुद्धा ऐकावा लागतो. जुन्या आठवणी काढून हसणे म्हणजे समेट नव्हे, हे आपल्यांपैकी प्रत्येकाला लग्नाच्या हॉलमधून ठाऊक आहे. तेथे सारे हसतात आणि आपापल्या गाडीत बसल्यावर पुन्हा सुरू होतात.

पण पुढची गोष्ट ऐका. त्या एका वर्षाच्या कार्यक्रमांनंतर जॅक्सन बाहेर पडला. का, ते त्यांच्या घरातले आहे. आपण उकरू नये. मास्तर त्या वेळी वॉर्डात नव्हता, एका तपासणीला आला असता त्याने हे सांगितले आणि असे तोंड केले, जसे त्याच्याच घरात काही घडले आहे. "मग काय उपयोग?" असे आम्ही म्हणालो. त्या दिवशी म्हणालो खरे. आज म्हणणार नाही.

उरलेल्या तिघांनी दुसरा सॅक्सोफोनवाला आणला नाही. त्यांनी नाव सोडले नाही आणि जागाही भरली नाही. तिघांच्या बेताने संगीत रचले व २००८ साली 'ट्रायसेक्टर' काढला, पुढे २०१६ पर्यंत आणखीही संग्रह निघाले. दीपस्तंभाची ती तेवीस मिनिटांची रचनासुद्धा पुढे तिघांनीच वाजवली. जेथे सॅक्सोफोन होता तेथे काय केले असेल? काही ऑर्गनने घेतले असेल, काही मोकळेच ठेवले असेल. एखादा नीतिवादी म्हणेल, चौघांचे नाव तिघांनी वापरणे योग्य नव्हे. आम्हांस तसे वाटत नाही. जात्याची खुंटी बदलली, पुढे वरची तळीही बदलली, तरी आपण आजीचेच जाते म्हणतो, कारण घरात पीठ त्याच्यावरच निघते. मात्र जो गेला त्याचा वाटा होता हे लपवू नये, एवढे बंधन आम्ही घालू.

हे सारे आम्ही इतक्या जिव्हाळ्याने का सांगतो, ते आता कबूल करावयास हवे. आम्हां पाच जणींचा एक गाण्याचा मेळ होता. मेंदीला, मलिद्याला, आणि कोणी बोलावले तर कीर्तनालाही आम्ही जात असू. पेटी, झांजा आणि मराठी पदे. एका मेंदीच्या रात्री आम्ही आमच्या एका मैत्रिणीस चारचौघींत म्हणालो, की तुझा आवाज आता लागत नाही, तू मागे बस. आवाज लागत नव्हता हे खरे होते. ती मागे बसली नाही, चप्पल घालून निघून गेली. मेळ त्या रात्रीच मोडला. पुढे अकरा वर्षे किपूरचा दिवस येई आणि जाई. प्रार्थना संपली की प्रार्थनास्थळात हातबोशी करताना आम्ही तिच्याशीही हात लावून बोटे ओठांना नेत असू, कारण सारेच करतात. बोलणे नाही. माणसाचा माणसाशी झालेला अपराध त्या दिवसाच्या उपासानेही सुटत नाही, ज्याचा केला त्याचीच क्षमा मागावी लागते, हे आम्हांस लहानपणापासून पाठ होते. दर वर्षी शिळ्या सणाच्या दिवशी आम्ही तिच्या घरी जावयाचे ठरवीत असू. इतरांच्या छातीची कळ आम्ही वर्षानुवर्षे मोजली, आणि हे मात्र पुढे ढकलले. ती गेली. आमच्या वॉर्डात नाही, दुसऱ्या गावी, मुलाकडे.

शास्त्रात यालाही वाट आहे. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर दहा माणसे त्याच्या कबरीशी न्यावीत आणि त्यांच्यासमोर चूक कबूल करावी. दहा माणसे जमवणे कठीण नाही. त्यांना का बोलावले ते सांगणे कठीण आहे. गेल्या वर्षी आम्ही ते केले. दहांत तिचा मुलगा होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, आई घरी गात होती. स्वयंपाक करताना रोज." यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही, अजूनही सुचत नाही.

आता चौघी उरलो आहोत. पैकी एकीचे गुडघे गेले आहेत, एकीला ऐकू कमी येते. पुन्हा बसावे काय, हा प्रश्न आम्हीच काढला, आणि भय आम्हांलाही वाटते, की हे समाधान स्वस्तात मिळवणे तर होणार नाही? जिने बोलणे मोडले तिनेच पेटी उघडावी, हे तिच्या मुलाला कसे दिसेल? त्याला विचारले. तो म्हणाला, बसा. पण आमची एक मैत्रीण अडून बसली आहे. तिचे म्हणणे, तिची जागा रिकामी ठेवायची असेल तर मी येते, कोणी नवीन बाई आणून बसवायची असेल तर येत नाही. दुसरी म्हणते, रिकामी जागा पाहून मला गाताच येणार नाही. दोघींचेही खरे आहे.

तूर्त बुधवार ठरला आहे. पेटीचा भाता फाटला होता, तो नातवाने गोंद लावून चिकटवला, तरी खालच्या पट्टीत हवा गळते. फोनवर गुडघेवालीने विचारले, "ताई, जुनीच पदे म्हणायची, की तू काही नवे लिहिले आहेस?" दोन कडवी लिहिली आहेत. तिसरे अडले आहे.