सोबत आलेल्याला सोडू नये



महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातली कथा आपण सत्संगात अनेकदा ऐकली आहे. पांडव सर्व सोडून हिमालयाच्या वाटेने निघतात. एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. शेवटी उरतात युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, याला इथेच सोड आणि रथात बस. युधिष्ठिर नकार देतो. जो विश्वासाने बरोबर आला, त्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. मग कळते की तो कुत्रा साक्षात धर्म होता.

यातली एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. नकार देताना युधिष्ठिराला हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो वाटेवरचा साधा कुत्राच होता. देव ओळखल्यावर कोणीही हात जोडतो. ओळख पटण्याआधी दिलेली साथ, ती सेवा.

मी दिल्लीत बी.कॉम. करते आणि दर रविवारी कुत्र्यांच्या एका निवारा केंद्रात सेवेला जाते. पहिल्या दिवशी वाटले होते, जखमी पिल्ले उचलून आणायची, त्यांना कुरवाळायचे. हातात आला खराटा आणि फिनाईलची बाटली. पिंजरे धुवायचे, पाण्याची भांडी घासायची, गोचीड काढायच्या, गोळी भातात कालवून भरवायची.

कॉमर्सची सवय म्हणून मी एक वही केली, कोणत्या कुत्र्याला कधी घर मिळाले त्याची. पिल्लांच्या नावांपुढे भराभर तारखा पडत गेल्या. एका म्हाताऱ्या तपकिरी कुत्रीचा रकाना मात्र रिकामाच राहिला. अपघातात तिचा मागचा पाय गेला होता. एकदा मी तिथल्या दीदींना विचारले, "हिला कोण नेणार? हिच्यावर इतका वेळ घालवून काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "कोणी नेणार नाही, म्हणूनच तर तू येतेस ना?"

त्या दिवशी मला कळले, मी सेवेतही नफा मोजत होते. वही मी बंद केली.

पण अहंकार दुसऱ्या दाराने आत आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारा केंद्रांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्याच भागात परत सोडावे, रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात. आमच्या सोसायटीत बैठक झाली. बरेच जण म्हणाले, आपली सगळी कुत्री शेल्टरमध्ये पाठवून द्या. माझ्या डोळ्यांपुढे आमचे आधीच भरलेले पिंजरे आले. मी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम पाठ करून गेले होते. आवाज चढवून बोलले, आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला काळीजच नाही."

एक काकू उठल्या. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला कुत्रा चावला होता. इंजेक्शने झाली, जखम भरली, पण तो मुलगा पुन्हा खाली खेळायला उतरला नव्हता. मी गप्प झाले.

गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकात समदर्शी ज्ञानी माणसाचे वर्णन आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सर्वांकडे तो समान दृष्टीने पाहतो. त्यातला कुत्रा मला दिसला होता. समोर बसलेली आजी दिसली नव्हती. मुक्या जिवासाठी बोलताना घाबरलेल्या माणसावर ओरडले, तर तिथे समदृष्टी कुठे उरली?

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे जाऊन क्षमा मागितली आणि या वेळी आधी त्यांचे ऐकून घेतले. मग आम्ही काही जणांनी मिळून काम केले. खाऊ घालण्याची जागा फाटकापासून आणि मुलांच्या मैदानापासून दूर, पंपाच्या खोलीमागे नेली. सोसायटीतल्या तिन्ही कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेतले. मुलांना सांगितले की खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यांची बाजू मांडणाऱ्याने हे सगळ्यात आधी सांगावे. ही सुद्धा करुणाच आहे.

काकूंना कुत्री अजून आवडत नाहीत. पण परवा त्यांनी मला थांबवून विचारले, "तो नवीन काळा कुत्रा दिसतो, त्याच्या कानाला खूण आहे का गं?" नसबंदी झालेल्या कुत्र्याचा कान किंचित कापलेला असतो, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. त्यांचा नातू आता संध्याकाळी त्यांचा हात धरून खाली येतो.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाला कुत्रा घरी आणणे शक्य नाही. पण जवळच्या निवारा केंद्रात महिन्यातून एक सकाळ देता येईल. तिथे गेल्यावर सर्वांत सुंदर पिल्लू शोधू नका. ज्याच्या पिंजऱ्यापुढे कोणी थांबत नाही, त्याच्याजवळ बसा. नामस्मरण तिथेही चालू राहते.

ती तपकिरी कुत्री अजून तिथेच आहे. रविवारी माझी पावले ऐकली की ती तीन पायांवर उभी राहते. तिच्या रूपात कोण उभे आहे, हे मला ठाऊक नाही. युधिष्ठिरालाही नव्हते.

सर्व जिवांचे कल्याण होवो, हीच प्रार्थना.