सोयीचे हुतात्मे

शिवरायांच्या गनिमी काव्यामुळेच व्हिएतनामने अमेरिकेला हरवले, त्यांच्या मंत्र्याने रायगडाची माती मायदेशी नेली, हा संदेश आपल्यातल्या अनेकांनी कधी ना कधी पुढे ढकललेला असतो. पुरावा विचारला की समोरचा चिडतो. ऊर अभिमानाने भरून येतोय ना, मग खऱ्याखोट्याची उठाठेव कशाला? आठवण सोयीची असली की तिला दाखला लागत नाही. गैरसोयीची असली की दाखला असूनही तिला कोणी विचारत नाही. हे व्हिएतनामच्याच उदाहरणावरून नीट कळते.

हो चि मिन्ह सिटीतले युद्धसंग्रहालय १९७५ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेचे आणि तिच्या ‘बाहुल्यां’चे गुन्हे होते. १९९० मध्ये नावातून अमेरिका गेली. १९९५ मध्ये गुन्हेही गेले, उरले ते नुसते ‘युद्धावशेष’. त्याच वर्षी दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाला ही एक पाटी पुष्कळ काही सांगून जाते.

चीनची गोष्ट याहून बोचरी. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चिनी फौजा सीमा ओलांडून आत घुसल्या. पुढे दशकभर सीमेवर चकमकी चालू राहिल्या. १९९१ मध्ये समेट झाला आणि हे युद्ध सरकारी भाषणांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ मध्ये हनोईतल्या ली थाय तो राजाच्या पुतळ्यापाशी नागरिक त्या मृतांसाठी फुले घेऊन जमले, तर तिथे कर्ण्यावर गाणी लावून जोडीनृत्य चालले होते! पुढे दक्षिण चिनी समुद्रातला तंटा चिघळला आणि २०१९ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, वर्तमानपत्रांनी त्याच युद्धावर मोकळेपणाने लिहिले. मृत तेच होते, सोय बदलली होती.

बलाढ्य शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी राहणाऱ्या देशाला जपून बोलावे लागते, हे मान्य. जुने वैर उगाळून कोणाचे पोट भरत नाही, हेही खरे. पण मग बिएन होआच्या दफनभूमीचे काय? तिथे पराभूत दक्षिण व्हिएतनामचे हजारो सैनिक पुरलेले आहेत. २००६ पर्यंत ती जागा लष्कराच्या ताब्यात होती. परक्या शत्रूशी हस्तांदोलन १९९५ मध्येच झाले. आपल्याच मातीतल्या हरलेल्या पोरांच्या थडग्यांवरचा लष्करी ताबा उठायला आणखी अकरा वर्षे लागली.

क्षमा करायची तर कोणी मारले आणि कोण मेले, हे आधी उघड बोलता आले पाहिजे. तोंड दाबून घडवलेला समेट हा व्यवहार झाला. त्याला क्षमेचे मोठे नाव देऊ नये. म्हणून सत्तेला नको असलेल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकाला देशद्रोही ठरवण्याची घाई करू नका. आणि एवढे धैर्य आपण त्याच्याकडून मागत असू, तर अभिमानाचा पुढचा संदेश पाठवण्याआधी त्याचा दाखला मागण्याइतके धैर्य आपल्याकडेही हवे.