निवेदन कोणाचे?

इंदूर-बडोद्याकडील जुन्या मराठी घरांत ओसरीवर काय बोलावे आणि माजघरात काय ठेवावे, हे कोणी शिकवीत नसे. ते अंगवळणी पडत असे. आयुष्य, वित्त, गृहच्छिद्र, औषध, दान, मान, अपमान आदी नऊ गोष्टी गुप्त ठेवाव्यात, असे सांगणारे सुभाषित आमच्या वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असे. आज त्यांतील बहुतेक गोष्टी फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर रोज वाचावयास मिळतात.

मागे आमच्या मातोश्री रुग्णालयात असता घरातील एका तरुणाने त्यांचे नळ्या लावलेले छायाचित्र नातेवाइकांच्या गटावर धाडले. हेतू निर्मळ होता. दूरच्या आप्तांनी देवही पाण्यात ठेवले. मातोश्री बऱ्या होऊन घरी आल्या आणि ते छायाचित्र पाहून एवढेच म्हणाल्या, "मला पदर तरी सावरू द्यायचा होतात." आम्ही निरुत्तर झालो.

तरीही मौनाला सरसकट सद्गुण म्हणण्यास आम्ही धजत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणत आमच्याच घराण्यांनी विधवांचे आणि सुनांचे अश्रू माजघरात कोंडले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली, म्हणून तर त्या माजघरात थोडा उजेड शिरला. सांगणे हे पाप असते, तर त्या दोघीही दोषी ठरल्या असत्या.

मग मर्यादा कोठे आखावी? नवविधा भक्तीत आत्मनिवेदन ही शेवटची पायरी. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकात तिला नववे स्थान दिले आहे. तेथे अर्पण करावयाचे ते स्वतःला. आईला, मुलाला किंवा शेजाऱ्याला नव्हे. आपले दुःख सांगण्याचा अधिकार आपला. दुसऱ्याचे दुःख आपल्याकडे केवळ ठेव म्हणून असते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. परंतु आई आणि मुलगा यांच्यामध्ये न्यायालय येऊन बसत नाही. तेथे 'पाठवू का?' एवढे विचारण्याचा संकोचच उपयोगी पडतो.

तान्हे मूल आणि दिवंगत माणूस यांना मात्र तेही विचारता येत नाही. त्यांच्या वतीने 'नको' म्हणणे, हे आमचेच कर्तव्य उरते.